अण्णांची माळ मला मिळाली नाही

माझे वडील, अण्णा, गेले तेव्हा मला त्यांची माळ हवी होती. तुळशीची, एकशे आठ मण्यांची, घामानं आणि रोजच्या आंघोळीच्या पाण्यानं काळी पडलेली. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी मणी मोजायचे आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा. शेवटची आंघोळ घालायच्या आधी मी काकांना म्हटलं की माळ तेवढी काढून ठेवा, मला राहू द्या. काका म्हणाले, "पोरी, माळकऱ्याची माळ त्याच्याबरोबर जाते, ती अशी काढून कुणाला द्यायची नसते." आणि गेली ती त्यांच्याबरोबर. मला खूप राग आला होता तेव्हा, खरं सांगते. पुढे शेताच्या हक्कसोड पत्रावर भावासाठी सही केली त्याचं काही वाटलं नाही, पण ती एक माळ मात्र मनात अडकून बसली ती बसलीच. अण्णांचे टाळ आणि त्यांची ज्ञानेश्वरी आईनं माझ्या पिशवीत टाकली, तेवढं घेऊन मी नाशिकला परत आले.

माहेर निफाड तालुक्यातलं, सासर नाशिकला सिडकोत. सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे मी. अण्णा गेल्यावर झोप उडाली होती, काही केल्या मन लागेना, तेव्हा ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं एका साधनेच्या ग्रुपबद्दल सांगितलं, मी जायला लागले. नाव लिहीत नाही, त्याची गरज पण नाही. रविवारी सकाळी हॉलमध्ये बसायचं, श्वासावर लक्ष, मग प्रवचन. एक शिबिर झालं की पुढचं, प्रत्येकाची फी वेगळी. भिंतीवर गुरुपरंपरेचा मोठा फ्लेक्स होता, वर हिमालय, खाली एकाखाली एक फोटो आणि सगळ्यात खाली आमचे गुरुजी. मला त्या साधनेचा फायदा झाला, ते मी नाकारणार नाही, झोप परत आली ती तिथेच. पण दीड वर्षानं गुरुजी वारले आणि पंधरा दिवसांत दोन जण उभे राहिले की गादी माझी. एकाकडे पादुका, दुसऱ्याकडे गुरुजींनी आजारपणात बोललेला व्हिडिओ. व्हॉट्सअॅप ग्रुपचे दोन ग्रुप झाले, तुम्ही कुठल्या बाजूला ते आजच्या आज कळवा असा मेसेज आला, आणि दीड वर्ष ज्या बायकांच्या शेजारी सतरंजीवर बसले त्यातल्या दोघी दुकानात समोर आल्या तरी बघेनाशा झाल्या. मी दोन्हीकडून बाहेर पडले. सगळ्यात वाईट याचं वाटलं की त्या सगळ्या महिन्याभरात रोजची साधना चालू आहे का असं एकानंही कुणाला विचारलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस परंपरा, गुरू, गादी हे शब्द ऐकले तरी नको वाटायचं.

मग पौषवारी आली. पौष वद्य एकादशीला त्रिंबकला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते, आमच्या निफाड-सिन्नरकडच्या दिंड्या चालत येतात, नाशिक ओलांडून त्रिंबक रोडला लागल्या की आमच्या कंपनीच्या गेटपासून टाळांचा आवाज येतो. अण्णांची दिंडी तिथूनच जाते. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि सातपूरला रस्त्याच्या कडेला उभी राहिले, फक्त बघायला. पुढे चालणाऱ्या विणेकरी बाबांनी मला ओळखलं. सत्तरीच्या पुढचे आहेत, अण्णांबरोबर वीसेक वर्षं चाललेले. काही बोलले नाहीत, चालता चालता वाकून माझ्या पायाला हात लावला. मी दचकून मागे झाले, एवढा वयस्कर माणूस माझ्या पाया पडतोय! वारकऱ्यांत एकमेकांच्या पाया पडतात हे मी जन्मापासून बघत आले होते, पण ते माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मग मीही वाकले, आणि चपला घातलेल्या तशीच त्यांच्यामागे चालत सुटले ती त्रिंबकपर्यंत. नवऱ्याला रस्त्यातून फोन केला.

रात्री राहुटीत बाबांना विचारलं, "मला माळ घालायचीय, तुम्ही द्याल का?" मला वाटलं होतं की लगेच हो म्हणतील, अण्णांची मुलगी म्हणून. ते म्हणाले, "बापानं घातली म्हणून घालू नको पोरी. माळ वारसानं येत नाही, मागावी लागते. वर्षभर एकादश्या कर, रोज हरिपाठ म्हण, मांसमच्छी सोडून बघ. जमलं तर पुढच्या पौषात ये. नाही जमलं तरी काही बिघडत नाही, हरिपाठ तेवढा चालू ठेव." फी किती, कागद कुठला, कुठलंच काही नाही. वर्षभर थांब एवढंच.

हे थांबणं सोपं नव्हतं. हरिपाठाचं एक वेळ ठीक, सत्तावीस अभंग, पहिले दोन महिने पुस्तकातून म्हटले, नंतर बसमध्ये उभ्या उभ्या तोंडपाठ व्हायला लागले. एकादशीही जमत गेली, महिन्यातून दोन, वर्षाच्या चोवीस. ऑडिटच्या दिवसांत एकादशी आली की संध्याकाळी डोकं गरगरायचं, पण दुसऱ्या दिवशी बारस सोडताना जो साधा वरणभात लागायचा त्याची चव मी आयुष्यात कधी घेतली नव्हती. खरी अडचण होती घरातल्या मटणाची. आमच्याकडे रविवारी मटण म्हणजे सण, काळा मसाला मीच भाजणार, वाटण मीच वाटणार, आणि माझ्या हातच्या रश्श्याचं सासरी नाव आहे. मुलगा म्हणाला, आई आता आपल्याकडे बंदच होणार का? मी बाबांना फोन करून विचारलं तर म्हणाले, "तू सोड. दुसऱ्याच्या ताटात बघू नको, आणि घरात भांडण लावून माझ्याकडे येऊ नको." मग असं ठरलं की नवरा स्वतः करणार, त्याचं पातेलं वेगळं, कढई वेगळी, मसाला तेवढा मी करून ठेवणार. पहिल्या रविवारी त्यानं रस्सा जाळला आणि सगळ्यांनी शेजारून दही आणून भात खाल्ला. आता छान करतो. सासूबाई मात्र बरेच महिने अबोला धरून होत्या, त्यांना वाटायचं मी संसारातून मन काढतेय. तसं नव्हतं, पण ते बोलून पटवता आलं नाही, रोज बघून बघून त्यांना पटलं.

या वर्षात मी अण्णांची ज्ञानेश्वरी उघडली. अठराव्या अध्यायाच्या शेवटी माउलींनी स्वतःची परंपरा सांगितली आहे, तिथे अण्णांची पेन्सिलची खूण होती. क्षीरसागराच्या काठी शंकरांनी पार्वतीच्या कानात सांगितलं, ते मत्स्येंद्रनाथांना मिळालं, त्यांच्याकडून गोरक्षनाथांना, मग गहिनीनाथ, मग निवृत्तिनाथ आणि तिथून ज्ञानेश्वर. आता हे गहिनीनाथ निवृत्तिनाथांना भेटले कुठे, तर आपल्याच ब्रह्मगिरीवर. विठ्ठलपंत सगळ्या कुटुंबाला घेऊन प्रदक्षिणा करत होते, वाघ आला, पळापळीत थोरला निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला, तिथे गहिनीनाथ बसलेले, अशी कथा आहे. श्रावणात आपण नाशिककर ज्या वाटेनं चिखल तुडवत फेरी करतो ती हीच. आणि ही मुलं कोण, तर ज्यांची मुंज करायला गावानं नकार दिला ती. बाप संन्यास घेऊन परत संसारात आला म्हणून वाळीत टाकलेली. म्हणजे ज्यांना एका परंपरेनं दाराबाहेर उभं केलं त्यांच्यापासूनच आमची परंपरा सुरू होते, आणि तीही कशी, धाकट्या भावानं थोरल्या भावाला गुरू मानून. निवृत्तिनाथ माउलींपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठे. मी हे वाचून किती तरी वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते.

मग मी बहिणाबाईंपर्यंत गेले. शेतातली गाणी रचणाऱ्या जळगावच्या बहिणाबाई वेगळ्या, ह्या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. त्यांनी अभंगात सगळी साखळी दिली आहे आणि तिच्यात माउलींच्या नंतर सच्चिदानंदबाबा (नेवाशाला ज्ञानेश्वरी लिहून घेणारे), मग विश्वंभर, राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजीचैतन्य आणि मग तुकोबा. अकाउंट्सच्या माणसाला सवय असते, मी लगेच हिशोब केला. माउलींची समाधी १२९६ ची, तुकोबा सतराव्या शतकातले, म्हणजे तीनशेच्या वर वर्षं आणि मध्ये नावं फक्त पाच. हे काही जुळत नाही. शिवाय तुकोबा स्वतःच सांगतात की बाबाजींनी त्यांना उपदेश केला तो स्वप्नात, रामकृष्णहरि हा मंत्र दिला, माघ शुद्ध दशमी होती आणि गुरुवार होता. बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह झाला तोही आधी स्वप्नातच.

मला हे खटकलं. फ्लेक्सवरच्या फोटोंसारखंच तर नाही ना हे, असं वाटलं. मी बाबांना भेटायला गावी गेले आणि सरळ विचारलं, तुम्हाला माळ कुणी दिली? त्यांनी गावातल्याच एका महाराजांचं नाव सांगितलं, ते आता नाहीत. त्यांना कुणी दिली? तेही सांगितलं. त्यांना? तिसरंही नाव सांगितलं, पैठणकडचं. आणि त्यांना? "ते मला माहीत नाही," बाबा म्हणाले. कुठलाही आडपडदा न ठेवता, शेतातल्या विहिरीची खोली सांगावी तसं. मग म्हणाले, "पण कुणीतरी दिली असणार ना. तशी नसती तर माझ्यापर्यंत आलीच नसती." मी त्यांना पाच नावांचा हिशोबही सांगितला. ते हसले आणि म्हणाले की ज्यांनी नाव लिहून ठेवलं नाही त्यांनीही भजन केलंच असणार की.

ऑफिसातला माझा एक सहकारी आहे, जवळचा, तो म्हणाला की तुमची परंपरा मोठी असेल ताई, पण आमच्या आजोबांना काळारामाच्या दारात कुणी उभं केलं नव्हतं. हे मी टाळू शकत नाही, नाशिकमध्ये राहून तर नाहीच नाही. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी तिथे सत्याग्रह सुरू केला आणि तो काही वर्षं चालला तरी दार उघडलं नाही. आणि आमच्या पंढरपुरात तरी काय वेगळं होतं, चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे, आणि विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हायला १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. ज्या चोखोबांचे अभंग आम्ही डोळे मिटून गातो त्यांनाच सहाशे वर्षं बाहेर ठेवलं. मी त्याला म्हटलं की तू म्हणतोस ते खरं आहे, याला माझ्याकडे उत्तर नाही. परंपरा घ्यायची तर हेही माझ्या गळ्यात येतं, फक्त गोड गोड तेवढं घेता येत नाही. तो पुढे काही बोलला नाही, आम्ही चहा घेतला. पण तेव्हापासून मी चोखोबांचा अभंग म्हणताना आधीसारखी म्हणू शकत नाही.

चैत्रात गावी अखंड हरिनाम सप्ताह असतो, त्यातली एक रात्र सांगते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, दोन दोन तासांचे पहारे लावलेले असतात, यादी देवळाच्या खांबाला चिकटवलेली. बायकांचे पहारे दिवसा. त्या रात्री मी आईबरोबर देवळातच झोपले होते. दोन वाजता ज्याची पाळी होती तो आलाच नाही, नंतर कळलं की ताप भरला होता. बारापासून उभा असलेला पोरगा बारावीतला असेल, त्याचे पाय थरथरत होते, डोळे मिटत होते पण बोट तारेवर फिरत होतं. पुढचा येईपर्यंत मागच्याला सोडता येत नाही. अडीच झाले. मी उठले, हातपाय धुतले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं की रात्री बाईमाणूस कशाला, तर कोपऱ्यात टाळ घेऊन बसलेल्या एक मावशी जोरात म्हणाल्या, "मुक्ताईनं चांगदेवाला शिकवलं तेव्हा विचारलं होतं का कुणी? घे गं तू."

पोरानं आधी माझ्या पाया पडून घेतलं, मी त्याच्या पडले. मग त्यानं पट्टा गळ्यातून काढता काढता वीणा तशीच वाजवत ठेवली, मी पट्ट्यात मान घातली, माझं बोट तारेवर गेलं आणि मगच त्याचं निघालं. एक क्षण असा होता की दोघांची बोटं एकाच तारेवर होती. वीणेचा भोपळा त्याच्या अंगाच्या उबेनं गरम झालेला होता, तो माझ्या पोटाला लागला. रामकृष्णहरि, रामकृष्णहरि, एवढंच म्हणत चालायचं, चार पावलं इकडे चार पावलं तिकडे. तासाभरानं बोटाला फोड आला, साडेतीनच्या पुढे गारवा सुटला, बाहेर कुणाची तरी बैलं घुंगरं वाजवत होती. पाच नावांचा हिशोब माझ्या डोक्यातून त्या रात्री गेला. पोराचं नाव मी विचारलं नाही, चार वाजता माझ्याकडून वीणा घेणाऱ्या आजोबांनी माझं विचारलं नाही.

पौष आला. यंदा मी निफाडपासूनच दिंडीत चालले. एकादशीला पहाटे कुशावर्तावर अंघोळ, निफाडची थंडी काढलेली माणसंसुद्धा कुडकुडत होती एवढं पाणी गार. समाधीच्या दर्शनाची रांग लांबपर्यंत गेलेली, बाबा म्हणाले दर्शन मागून घ्या, आधी इकडे या. राहुटीत आम्ही पाच जण होतो माळ घेणारे, त्यात एक जण रिक्षा चालवणारा, एक कांद्याचा व्यापारी, एक कॉलेजची मुलगी. माळा पंढरपूरहून आणलेल्या, काशीकापडी समाजातले लोक तुळशीच्या काड्या घासून मणी करतात त्या. नवीन माळ अगदी फिकट असते, मणी सगळे सारखे नसतात, आणि ओल्या हातात धरली की तुळशीचा बारीक वास येतो. पाटावर ज्ञानेश्वरी, तिच्यावर माळा. बाबांनी बुक्का लावला, ज्ञानेश्वरीवर हात ठेवायला लावला आणि एकेक सांगत गेले, मांस मद्य नाही, एकादशी करायची, हरिपाठ चुकवायचा नाही, वर्षातून एक तरी पंढरीची वारी, आईबापाला आणि सासूसासऱ्यांना जेवल्याशिवाय झोपू द्यायचं नाही, परक्याच्या पैशाला हात लावायचा नाही. मी प्रत्येकाला हो म्हटलं. कांद्याचे व्यापारी पैशाच्या अटीला थोडा वेळ थांबले, मान खाली घालून बसले, मग हो म्हणाले. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

माझी पाळी आली तेव्हा मी बाबांना म्हटलं, आता तुम्ही माझे गुरू. ते एकदम गंभीर झाले. "मला गुरू करू नको. माळ माउलींची, मी नुसती गाठ मारतोय." आणि मानेच्या मागे दोऱ्याची गाठ मारली. त्यांची बोटं थंडीनं ताठरलेली, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग ते उठले आणि आम्हा पाचही जणांच्या पाया पडले.

दुपारी निवृत्तिनाथांच्या समाधीसमोर पोहोचले तेव्हा मागून रेटा होता, पुजारी चला चला म्हणत होते, दोन सेकंदही उभं राहता आलं नाही. डोकं टेकवलं, माळ दगडाला लागून आवाज झाला एवढं आठवतं.

घरी आले तर आईचा फोन, व्हिडिओवर दाखव म्हणाली. मी फोन मानेजवळ धरला. बराच वेळ ती काही बोललीच नाही, मग म्हणाली, "पाण्यानं दोरा सैल होईल गं सुरुवातीला, अण्णांचा पण व्हायचा. तुटली तर ओवून होईपर्यंत जेवू नको." आणि फोन ठेवून दिला.

ज्येष्ठात पालखी त्रिंबकहून निघेल. पंढरपूरपर्यंत पूर्ण चालायला पंचवीसच्या वर दिवस लागतात, तेवढी रजा मला मिळणं शक्य नाही, सहा दिवसांचा अर्ज टाकलाय. त्रिंबकपासून सिन्नरकडे दातलीचं रिंगण होईपर्यंत चालेन आणि तिथून परत फिरेन, मग आषाढीच्या आधी एसटीनं पंढरपूरला जाऊन दिंडी गाठायची असं ठरलंय. अण्णांच्या टाळांची दोरी कुजली होती, ती काल पंचवटीतून नवीन घालून आणली.